पाच मिलिमीटरची अडचण, पंचवीस मिलिमीटरचा स्पेसर: एका मोटारीच्या चाकांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण खानापूर तालुक्यातील एका तरुण व्यापाऱ्याच्या मोटारीचे आहे. ओळख पटू नये म्हणून त्याचे नाव, गाव आणि गाडीचे मॉडेल येथे दिलेले नाही. काजूच्या व्यवसायामुळे त्याची बेळगावला सतत ये-जा असते, आणि जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यातही त्याला वरचेवर जावे लागते. म्हणजे ही गाडी महामार्गाचा वेग, घाटाची वळणे आणि पावसाळ्यानंतर खड्ड्यांनी भरलेला गावरस्ता या तिन्हींवर नेहमी चालते. पुढे घेतलेल्या प्रत्येक निर्णयामागे ही वस्तुस्थिती आहे.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, चार नटांची हॅचबॅक होती. ती सहा वर्षे जुनी असल्याने कंपनीची हमी संपलेली होती. तिची मूळ चाके १५ इंच व्यासाची, ५.५ इंच रुंदीची आणि ईटी ४५ अशा ऑफसेटची होती, आणि त्यांवर १८५/६५ आर १५ मापाचे टायर होते. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसवतात त्याला, टेकणारा चाकाचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला किती मिलिमीटर सरकलेला आहे, ते ईटी हा आकडा सांगतो. आकडा मोठा असेल तर चाक आत बसते, लहान असेल तर बाहेर येते. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायचा धातूचा थर; त्याचे काम एका वाक्यात सांगायचे तर तो हा आकडा आपल्या जाडीइतका कमी करतो. ईटी ४५ च्या चाकामागे २५ मि.मी.चा स्पेसर घातला की ते चाक ईटी २० असल्यासारखे बसते.

मालकाने वापरलेल्या अलॉय चाकांचा एक संच घेतला होता. ही चाके १५ इंचीच, पण ७ इंच रुंदीची आणि ईटी ४५ ची होती, आणि त्यांवर १९५/६० आर १५ मापाचे टायर चढवलेले होते. टायरचा भार निर्देशांक, म्हणजे तो किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा, जुन्याप्रमाणेच ८८ होता आणि बाहेरचा व्यास जेमतेम एक टक्क्याने कमी होता, त्यामुळे त्या बाजूने आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते. नटांच्या छिद्रांचे वर्तुळ, म्हणजे पीसीडी, दोन्हीकडे ४×१०० होते. विक्रेत्याने तेवढेच जुळवून पाहिले, चाके चढली, नट बसले आणि व्यवहार पूर्ण झाला.

अडचण

नव्या चाकांवर दोन तक्रारी सुरू झाल्या. पहिली अशी की वळणावर, विशेषतः माणसे भरलेली असताना, पुढून घासल्याचा आवाज येत असे. दुसरी अशी की निपाणीच्या दिशेने महामार्गावर गाडी ताशी ८०-९० किलोमीटरवर गेली की स्टिअरिंग थरथरत असे. बॅलन्सिंग पुन्हा करून घेऊनही थरथर गेली नाही.

स्पेसर टाकल्यावर दोन्ही तक्रारी जातील आणि शिवाय चाके मडगार्डच्या कडेपर्यंत येऊन गाडी भरदार दिसेल, असे मालकाला सांगण्यात आले. या तिसऱ्या कारणाला कमी लेखण्याचे कारण नाही. घामाच्या पैशाने घेतलेली गाडी चांगली दिसावी असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि ते उघड बोलले गेले तर निवड जास्त नीट होते. येथे मात्र तीन वेगळ्या गोष्टी एकाच वस्तूवर सोपवल्या गेल्या आणि मालकाने ऑनलाइन २५ मि.मी. जाडीचे चार स्पेसर मागवले.

तो शुक्रवारी ते खोके घेऊन आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये आला. रविवारी गोव्यात साखळीला मावसभावाचे लग्न होते. "मामा, परवा घाट उतरायचाय, आजच बसवून द्या की," असा त्याचा आग्रह होता. गॅरेजच्या मिस्त्रींनी खोके उघडले, एक नट हाती घेतला आणि गाडीच्या स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आटेदार दांड्यावर, बोटांनी फिरवून पाहिला. "दोन आटं घेतंय आणि अडतंय. ह्येचं आटं वेगळं हाईत," एवढे बोलून त्यांनी नट परत खोक्यात टाकला. हवेची गन हाताशी असूनही त्यांनी तो नट बोटांनी फिरवला, आणि या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा क्षण माझ्या मते तोच आहे. गनने तोच नट सहज चढला असता, स्टडचे आटे कापत गेला असता, आणि बाहेरून सारे घट्ट दिसले असते.

मिस्त्रींनी मालकाला माझ्याकडे पाठवले. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये मी तपासणीचे काम पाहतो आणि व्हर्निअर, डायल गेज, थ्रेड गेज ही माझी रोजची हत्यारे आहेत.

पहिला निर्णय: लग्नाला कोणत्या चाकांवर जायचे

मापे घेण्याआधी रविवारच्या प्रवासाचा प्रश्न मिटवणे आवश्यक होते. घाईत भाग बसवायचा आणि मग सावकाश तपासायचा, हा क्रम चाकाच्या बाबतीत कधीही स्वीकारू नये असे माझे ठाम मत आहे. मूळ चाके घरात शिल्लक होती. ती टायरसकट परत चढवून गोव्याला जावे, असे मी आणि मिस्त्री दोघांनी सुचवले. मालक थोडा हिरमुसला, पण त्याने ते मानले.

यातून एक चाचणीही आपोआप घडली. मूळ चाकांवर संपूर्ण प्रवासात घासण्याचा आवाज आला नाही आणि थरथरही जाणवली नाही. म्हणजे बेअरिंग, शॉकअप आणि स्टिअरिंगचे सांधे ठीक होते. दोष अलॉय चाकांत, किंवा ती गाडीवर बसण्याच्या पद्धतीत होता.

मापे

पुढच्या आठवड्यात अलॉय पुन्हा चढवून आम्ही मोजणी केली. गाडी सपाट जागेवर, स्वतःच्या वजनावर उभी होती. टायर शॉकअपच्या नळीला जिथे सर्वांत जवळ येतो, तिथे आम्ही नळीवर ओल्या मातीची गोळी दाबून लावली. खानापूर भागात कुंभारकामाची बारीक माती सहज मिळते आणि या कामाला ती उत्तम चालते. गाडी हाताने थोडी पुढेमागे ढकलली, मग चाक उतरवून दाबल्या गेलेल्या मातीची जाडी मोजली. डावीकडे ती २ मि.मी. भरली, उजवीकडे किंचित जास्त. डाव्या नळीवरचा काळा रंग बोटभर उडून तिथे लोखंड चकाकत होते आणि टायरच्या आतल्या भिंतीवर तेवढ्याच उंचीवर गुळगुळीत वर्तुळ उमटले होते. वळणावर टायर लवतो, तेव्हा २ मि.मी. अंतर पुरत नाही. तेथे निदान ६ ते ८ मि.मी. मोकळी जागा असावी, असे आम्ही ठरवले.

मूळ चाकांवर हेच अंतर १३ मि.मी. होते. नवे चाक दीड इंचाने रुंद, पण ईटी तोच. त्यामुळे वाढलेली रुंदी आत आणि बाहेर सारखीच वाटली गेली आणि टायरचा फुगवटा दोन्ही बाजूंना सुमारे ११ मि.मी.ने वाढला. बाहेरच्या बाजूला मडगार्डच्या कडेपर्यंत आधी २० मि.मी. जागा होती, ती ९ वर आली. अर्थात चाक बाहेर यायला हवे होते हे खरे, पण फक्त ५ मि.मी.ने. तसे केले असते तर आत ७ आणि बाहेर ४ मि.मी. राहिले असते. मागवलेल्या २५ मि.मी.च्या स्पेसरने टायर मडगार्डच्या कडेबाहेर १६ मि.मी. आला असता. पावसाळ्यात आमच्या भागातल्या रस्त्यांवरचा तांबडा चिखल आणि खडी मग थेट मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर उडाली असती.

थरथरीचे कारण निराळेच निघाले. अलॉयच्या मधल्या भोकाचा व्यास ६७.१ मि.मी. होता आणि त्या भोकात शिरणारी गाडीच्या हबची उभी कडा ५४.१ मि.मी. व्यासाची. बाजारातली अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे भोक मुद्दाम मोठे ठेवतात आणि मधली जागा एका कडीने भरून काढतात. येथे उजव्या पुढच्या चाकात कडीच नव्हती. डावीकडची प्लास्टिकची कडी तडकलेली होती, आणि घाटातल्या ब्रेकच्या उष्णतेने ती मऊ पडली असावी असा माझा कयास आहे. कडी नसेल तर चाक केवळ नटांच्या उतरत्या तोंडावर मध्य साधते, आणि प्रत्येक वेळी ते अचूक साधेलच असे नाही. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक त्याच्या स्वतःच्या मध्यावर फिरते, गाडीवर मात्र ते मध्य सोडून बसलेले असते. म्हणूनच बॅलन्सिंगने ही तक्रार जाणे शक्य नव्हते.

मागवलेल्या स्पेसरची तपासणी

हे स्पेसर बोल्ट-ऑन प्रकारचे होते. म्हणजे स्पेसर गाडीच्या स्टडवर एका नटसंचाने बसतो आणि चाक स्पेसरमध्ये ठोकलेल्या स्वतंत्र स्टडवर दुसऱ्या नटसंचाने. खोक्यावर '४×१००' आणि जाडी एवढेच छापलेले होते.

थ्रेड गेज लावल्यावर नट आणि स्टड एम १२ × १.५, म्हणजे १२ मि.मी. व्यासाचे आणि दोन आट्यांमध्ये १.५ मि.मी. अंतर असलेले, निघाले, तर गाडीचे स्टड एम १२ × १.२५ होते. हा सापळा आपल्याकडे फार सहज लागतो. मारुती सुझुकीच्या गाड्यांना १.२५ चे बारीक आटे असतात, ह्युंदाई, होंडा आणि टोयोटा यांना १.५ चे. सुझुकी आणि ह्युंदाईच्या कित्येक लहान गाड्यांत पीसीडी ४×१०० आणि मधले भोक ५४.१ मि.मी. हे दोन्ही आकडेही सारखेच येतात, त्यामुळे भाग तंतोतंत आपलाच आहे असे वाटते, आणि फरक उरतो तो फक्त आट्यांत. बिल्ल्यावरूनही निर्णय करू नये. टोयोटाच्या नावाने विकली जाणारी ग्लान्झा मुळात बलेनो आहे, तेव्हा तिला टोयोटाचे नट लागतील असे गृहीत धरता येत नाही.

मधले भोक व्हर्निअरने ५७.१ मि.मी. भरले. हब ५४.१ चा, म्हणजे स्पेसर कोणत्याही बाजूला दीड मिलिमीटर सरकू शकत होता. कडी नसल्याने आधीच थरथरणाऱ्या गाडीला त्याने आणखी एक मध्य चुकलेला थर दिला असता. स्पेसरवर धातूची प्रत किंवा बनवणाऱ्याची खूण काहीच नव्हती. चांगले स्पेसर ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ प्रतीच्या ॲल्युमिनिअममधून यंत्रावर कापून काढतात आणि तसे त्यांवर कोरलेले असते. ओतीव ॲल्युमिनिअमचा स्पेसर रंग दिल्यावर दिसायला तसाच असतो, पण वारंवार बसणाऱ्या धक्क्यांखाली त्याला तडा जाण्याचा धोका मोठा असतो. बेळगाव हे ओतकामाचे गाव आहे, तेव्हा ओतकामाला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. उत्तम ओतीव चाके असतात, पण ती भारतीय मानक आय.एस. ९४३६ च्या चाचण्यांतून जातात. या खोक्यातल्या वस्तूमागे कोणती चाचणी होती हे सांगणारा एक शब्दही कुठे नव्हता.

जाडीचा प्रश्न त्याहून मूलभूत आहे. चाकावरचा भार बेअरिंगपासून जितका बाहेर जाईल, तितका बेअरिंगवरचा पिळ वाढतो. पुढच्या एका चाकावर सुमारे ३०० किलो भार धरला तर २५ मि.मी.ने गाडी उभी असतानाच सुमारे ७४ न्यूटन-मीटर जादा आघूर्ण येते, आणि वळणावर किंवा खड्ड्यात ते कित्येक पटींनी वाढते. शिवाय स्टिअरिंगचा अक्ष आणि टायरचा मध्य यांतले अंतर वाढल्याने एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले किंवा एका बाजूचा ब्रेक जास्त लागला की स्टिअरिंग हाताला ओढ देते. घाटात हे नको असते.

हे स्पेसर बाद झाले. आट्यांचा फरक हे एकच कारणही त्यासाठी पुरेसे होते.

पर्यायांचा विचार

यानंतर आमच्यापुढे खरा प्रश्न उरला तो ५ मि.मी.चा.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ५ मि.मी.ची साधी चकती. ती हब आणि चाक यांच्यामध्ये सरकवतात आणि गाडीचेच स्टड वापरतात. अशा पातळ चकतीवर दोन्ही बाजूंनी दाब असतो, तिला वाकवणारा जोर फारसा नसतो. म्हणून तिच्या ताकदीपेक्षा तिची दोन्ही तोंडे समांतर आणि सपाट असणे जास्त महत्त्वाचे. खरा भार पडतो स्टडवर, कारण चकतीच्या जाडीइतके आटे नटातून निसटतात. अलॉय चढवून, चकतीशिवाय, मिस्त्रींनी नट हाताने फिरवला तेव्हा त्याने पूर्ण १० फेरे घेतले. ५ मि.मी. म्हणजे १.२५ च्या हिशेबाने ४ फेरे कमी, उरले ६, म्हणजे साडेसात मिलिमीटर पकड. पोलादी नटाची पकड निदान स्टडच्या व्यासाइतकी, म्हणजे येथे १२ मि.मी. असावी, असा सर्वमान्य कामचलाऊ नियम आहे. त्यात आम्ही बरेच कमी पडत होतो.

येथे मिस्त्रींनी एक मुद्दा काढला. त्यांच्या गुरूंनी शिकवले होते की आठ फेरे असले की निर्धास्त राहावे. तो नियम खोटा नाही, पण तो १.५ च्या आट्यांचा आहे, कारण तिथे आठ फेरे म्हणजे बरोबर १२ मि.मी. होतात. १.२५ च्या आट्यांत आठ फेऱ्यांचे १० मि.मी.च भरतात आणि १२ मि.मी.साठी साडेनऊच्या वर फेरे लागतात. ३ मि.मी.च्या चकतीचाही विचार झाला. तिने आतली जागा ५ मि.मी. झाली असती आणि पकड साडेनऊ मि.मी. राहिली असती, म्हणजे दोन्ही अटी थोड्या थोड्या अपुऱ्या. चाकाच्या नटांच्या बाबतीत असा मधला तोडगा मला पटत नाही, आणि मालकालाही तो पटला नाही.

दुसरी अडचण हबच्या कडेची. ती कडा ९ मि.मी. उंच होती आणि तिच्या टोकाचे २ मि.मी. उतरते होते. ५ मि.मी. चकती घातल्यावर चाकाला धरायला सरळ कडा जेमतेम २ मि.मी. राहिली असती. यावर मात्र सुबक उपाय निघाला. अलॉयचे भोक ६७.१ चे असल्याने, आत ५४.१ आणि बाहेर ६७.१ अशी स्वतःची कडा असलेली चकती लेथवर काढता येत होती. एकाच भागाने स्पेसर आणि कडी ही दोन्ही कामे झाली असती आणि कडेची भिंत साडेसहा मि.मी. जाड राहिली असती. आमच्या शॉपमध्ये ती सहज बनली असती, आणि खरे सांगायचे तर ती बनवण्याचा मोह मलाही झाला.

पण त्या चकतीला लांब स्टड लागले असते. स्टड हबमध्ये दाबून बसवलेले असतात आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या दातेरी भागाचा व्यास हबच्या भोकाशी नेमका जुळावा लागतो. तसे स्टड मिळवता आले असते. मिस्त्रींनी ब्रेकची डिस्क उतरवून हबच्या मागची जागा पाहिली, तेव्हा लांब स्टड मागून आत सरकवायला जागाच नव्हती. हब बेअरिंगमधून बाहेर ओढल्याखेरीज ते काम होणार नव्हते, आणि असा ओढलेला हब बहुतेक वेळा बेअरिंग खराब करूनच निघतो. म्हणजे सुस्थितीतली दोन बेअरिंग बदलायची, आणि तीही मोजमापात चुकलेल्या चाकाला सांभाळून घेण्यासाठी.

तिसरा पर्याय चाकच बदलण्याचा होता. ६ इंच रुंद आणि ईटी ४० चे चाक घेतले, टायर तेच ठेवले, तर हिशेबाने आत १२ आणि बाहेर ९ मि.मी. जागा मिळत होती. आतली जागा जवळजवळ मूळ चाकाएवढीच, आणि बाहेरून गाडी आत्ता दिसते तितकीच भरलेली. स्पेसर नाही, स्टडला हात नाही, बेअरिंगवरचा फरक केवळ ५ मि.मी.चा.

कायद्याची बाजू मी मालकापुढे स्वतंत्रपणे मांडली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कठोरपणे लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मडगार्डबाहेर आलेली चाके लांबूनही दिसतात. आणि अपघात झालाच, तर विमा कंपनीला न कळवलेला बदल हा दाव्यात वादाचा मुद्दा होऊ शकतो. ज्याचा माल आणि माणसे रोज त्या गाडीत असतात, त्याला हा धोका परवडणारा नव्हता.

निर्णय आणि कृती

निर्णय मालकाचा होता आणि तो त्याने दोन दिवस विचार करून घेतला. त्याला ७ इंची चाकांचा आकार मनापासून आवडला होता, त्यामुळे हे सोपे गेले नसावे. "काका, चकतीसाठी बेअरिंग काढायची म्हणजे उलटंच झालं की," हे त्याचे वाक्य मला अजून आठवते. त्याने ७ इंची संच विकायला काढला आणि ६ इंची, ईटी ४० चा संच शोधला. या वेळी तो व्हर्निअर मागून घेऊन गेला. चाकाच्या मागच्या बाजूला ओतलेला ईटीचा आकडा, पीसीडी आणि मानकाची खूण त्याने स्वतः वाचली, आणि पैसे देण्यापूर्वी एक चाक पुढे चढवून मातीच्या गोळीने अंतर तपासले.

या चाकांचे भोकही ६७.१ चेच होते. त्यासाठी आम्ही ॲल्युमिनिअमच्या चार कड्या लेथवर काढून दिल्या. कडी चाक मध्यावर आणते. चाक घट्ट बसल्यावर भार हब आणि चाकाच्या तोंडांमधल्या घर्षणावर असतो, म्हणून ती बनवण्यात स्टडसारखी जोखीम नाही. तरीही ती ढिली असून चालत नाही. हाताच्या दाबाने बसावी आणि आपोआप गळू नये, इतपत माप आम्ही ठेवले.

बसवताना मिस्त्रींनी हबचे तोंड तारेच्या ब्रशने घासून गंज पूर्ण काढला. तोंडावर गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी चाक तिरके बसते, आणि स्पेसर असता तर हे दोन्ही तोंडांवर दोनदा करावे लागले असते. कडीवर, म्हणजे ॲल्युमिनिअम आणि लोखंड जिथे भेटतात तिथे, चिकटू नये म्हणून अँटी-सीझ या वंगणाचा अगदी पातळ हात दिला, पण आट्यांना तो लागू दिला नाही. आटे ओले झाले की त्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या तेवढ्याच जोराला, स्टड जास्त ताणला जातो. मूळ नट लोखंडी चाकांचे होते. त्यांचा ६० अंशांचा उतार अलॉयच्या खोबणीशी जुळतो हे तपासले. काही गाड्यांना, उदाहरणार्थ होंडाला, गोल बुडाचे नट येतात आणि ते उतरत्या खोबणीत नीट टेकत नाहीत. डोके बंद असलेले नट घेणाऱ्याने स्टडचे टोक आत टेकत नाही ना, हेही पाहावे, नाहीतर नट घट्ट वाटतो आणि चाक सैल राहते.

सर्व नट आधी हाताने, मग फुलीच्या क्रमाने, आणि शेवटी गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळले. हवेची गन वापरली नाही. साधारण १०० किलोमीटर चालवून झाल्यावर तेच नट पुन्हा तपासायला सांगितले, आणि मालक त्यासाठी न सांगता आला.

परिणाम

घासण्याचा आवाज थांबला. महामार्गावरची थरथरही गेली, आणि ती कड्यांमुळेच गेली याबद्दल मला शंका नाही, कारण टायर तेच होते. मातीच्या गोळीने डावीकडे हिशेबाप्रमाणेच १२ मि.मी. दाखवले.

पावसाळा संपल्यावर चाके उतरवून पाहिली. तीन कड्या हाताने निघाल्या. मागच्या उजव्या चाकाची कडी हबला घट्ट बसली होती आणि तिच्याभोवती पांढरी बुरशीसारखी भुकटी जमली होती. त्या चाकाला अँटी-सीझचा हात नीट लागला नसावा. लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकून ती निघाली. खानापूरच्या पावसात ॲल्युमिनिअम आणि लोखंड एकत्र ठेवले की हे व्हायचेच, आणि येथे पूर्ण स्पेसर असता तर तो काढणे याहून पुष्कळ अवघड गेले असते.

आर्थिक बाजू पूर्ण समाधानकारक म्हणता येणार नाही. ७ इंची संच विकताना मालकाला तोटा झाला आणि ऑनलाइन घेतलेले स्पेसर परत करण्याची मुदत निघून गेली होती. ते दुसऱ्या कोणाला विकू नयेत अशी विनंती आम्ही केली, कारण घेणारा ते कोणत्या गाडीला लावेल हे सांगता येत नाही. त्याने ते आमच्या भंगाराच्या पेटीत टाकले.

वेगळे काय करता आले असते

पहिली संधी अलॉय घेतानाच होती. पीसीडी जुळला म्हणजे चाक जुळले असे धरले गेले. रुंदी, ईटी, मधले भोक आणि आट्यांचे माप हे चार आकडे त्याच वेळी पाहिले असते, तर स्पेसरचा विषयच निघाला नसता. रुंदी वाढवताना ईटी तोच ठेवला तर चाक दोन्हीकडे फुगते हे गणित विक्रेत्याला माहीत असायला हवे, आणि नसेल तर ग्राहकाने ते विचारायला हवे.

दोन तक्रारी वेगळ्या करून पाहिल्या असत्या तर थरथर दोन कड्यांत, अगदी थोड्या खर्चात, मिटली असती. मूळ चाके परत चढवून एक फेरी मारणे ही चाचणी कोणालाही घरच्या घरी करता येते. ती येथे लग्नाच्या निमित्ताने झाली, पण मुद्दाम आणि आधी व्हायला हवी होती.

स्पेसर हा या प्रकरणात चुकीचा ठरला तो या गाडीच्या स्टडमुळे आणि हबमागच्या जागेमुळे. हब बाहेर न काढता स्टड बदलता येतील अशा काही गाड्या असतात, किंवा स्टड मुळातच लांब असतात. तशा गाडीवर, आत खरोखर ५ मि.मी. जागा हवी असेल, तर स्वतःची कडा असलेली, तोंडे समांतर असलेली चकती तांत्रिकदृष्ट्या मी नाकारली नसती, अर्थात कायद्याचा आणि विम्याचा प्रश्न मालकाने आधी सोडवून. बोल्ट-ऑन प्रकाराबद्दल मी जास्त सावध राहीन. साधारण २० मि.मी.पेक्षा पातळ बोल्ट-ऑन घेतला तर गाडीचे मूळ स्टड त्याच्या बाहेर डोकावतात आणि चाकाच्या पाठीत तेवढी खोबण नसेल तर चाक टेकतच नाही. मग काही जण स्टड कापतात, आणि मूळ चाकांवर परतण्याचा मार्ग बंद होतो. २० मि.मी.च्या वर गेले की बेअरिंगवरचा पिळ आणि मडगार्डबाहेरचे टायर हे प्रश्न येतात. शिवाय आतले चार नट चाकाखाली लपलेले राहतात, म्हणजे ते तपासायला प्रत्येक वेळी चाक उतरवावे लागते, आणि रोज धावणाऱ्या गाडीवर ते काम वेळच्या वेळी होत नाही असा मिस्त्रींचा अनुभव आहे.

मागच्या चाकांना मुळात कसलीच तक्रार नव्हती, तरी स्पेसर चार मागवले गेले. मागच्या चाकांवर मातीची गोळी लावून पाहिली तेव्हा सगळीकडे भरपूर अंतर होते. ज्या चाकाला अडचण नाही, त्याच्यामागे भाग का घालायचा, हा प्रश्न खरेदीच्या वेळी कोणी विचारला नाही. मिस्त्री आता स्पेसर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला आधी हेच विचारतात, आणि नट त्याच्याच हातात देऊन स्टडवर फिरवायला सांगतात.